कादंबरी उसवून बघा

मी शिवण शिकले ती उसवण्यापासून. लालबागला आमच्या चाळीत जिन्याजवळच्या खोलीत एक आत्या राहायच्या. नात्याच्या नव्हेत, सगळी चाळच त्यांना आत्या म्हणायची. 1983 साल. गिरणी संपामुळे घरात वर्षभर पगार नव्हता आणि मी एकोणीस वर्षांची होते. आईने मला आत्यांकडे पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला कात्री दिली नाही की कापड दिलं नाही. त्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं नीट बसलेला एक जुना ब्लाऊज आणि अर्धं ब्लेड हातात ठेवलं आणि म्हणाल्या, हा उसव, कापड मात्र फाटता कामा नये. दोन दुपारी गेल्या. पाठ, पुढचे भाग, पट्ट्या, बाह्या, सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवली. मला वाटलं, झालं काम. आत्या म्हणाल्या, आता हाच परत शिव.

बाहीचा पुढचा गोल मागच्यापेक्षा खोल का कापतात, हे मला परत शिवताना कळलं. उसवताना तो नुसता दिसला होता. शिवताना मी बाही उलटी लावली, आत्यांनी ब्लाऊज अंगात घालून हात पुढे केला, तर कापड मुंढ्यात ओढलं गेलं. मग ती बाही पुन्हा उसवली.

कथा लिहायला लागले तेव्हा मी चाळिशीत होते. तीन वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवल्या आणि त्या परत आल्या. एका संपादकांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा मतलब असा, की कथेत सगळं सांगितलेलं आहे, घडत काहीच नाही. ते खरं होतं, वाचताक्षणी पटलं. पण म्हणजे नेमकं काय करायचं ते कळेना. कथा कशी लिहावी यावरचे लेख वाचले. त्यांत कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण असे शब्द होते. शब्द समजले, हात तसेच राहिले. तेव्हा आत्यांचं ब्लेड आठवलं. एक कादंबरी घेतली आणि उसवली. ते कसं केलं, आणि तुम्हाला करायचं असेल तर कसं करावं, ते सांगते.

कादंबरी निवडताना तीन गोष्टी बघा. ती लहान हवी. एकदा आधी वाचलेली हवी, नाहीतर पुढे काय होतं याच्या ओढीने पेन्सिल हातातच राहते. आणि तुम्हाला जे लिहायचं आहे त्याच्याशी तिचं कुठेतरी नातं हवं. मला आमच्या चाळीबद्दल लिहायचं होतं. संप झाला, माणसं गावी गेली, उरलेली पुनर्विकासात पांगली, आणि जिथे अठरा बिऱ्हाडांचा मजला गजबजलेला असायचा तिथे एके दिवशी कुलपंच कुलपं दिसली. म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली. ती 1955 साली आली, माडगूळकर तेव्हा तिशीच्या आतले होते. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे शाळेवर आलेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळात ओस पडणारं गाव. कुठे माणदेश आणि कुठे लालबाग. पण रिकामं होत जाणं कसं लिहितात, ते मला तिथेच शिकता येणार होतं.

प्रत स्वतःची घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं, माझं अर्ध्याहून जास्त वाचन तिथल्या पुस्तकांवर झालंय. पण ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघ मारायची नसते, आणि रेघ न मारता हे काम होत नाही. सोबत एक फुलस्केप वही, लाल-निळी टोकं असलेली पेन्सिल आणि साधी पेन्सिल. रोज एक तास, सहा आठवडे. मी लग्नसराई उतरल्यावर जूनमध्ये बसले, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत मशीनवरून उठायला मिळत नाही. तुमच्या कामाचा मंदीचा काळ कोणता ते बघून बसा. मध्ये खंड पडला तर हातातला धागा सुटतो.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय करा. कुठे थांबलात तेवढा पान-क्रमांक चिठ्ठीवर लिहा. कुठे चहाला उठलात, कुठे उठायचं होतं पण उठला नाहीत, कुठे गळा दाटला. कारण लिहू नका. कारण लगेच लिहिलं की आपण शाळेतल्या रसग्रहणाची भाषा लिहायला लागतो. नुसते आकडे पुरे.

दुसऱ्या वाचनाला वही उघडा. माझ्या दुकानातल्या मापवहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे छाती, कंबर, बाही, गळा असे रकाने असतात. तसेच रकाने मी कादंबरीसाठी आखले: पान, जागा, कोण कोण हजर, किती वेळ गेला, आणि आधी काय होतं ते आता कसं झालं. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. शेवटचा रकाना भरताना सगळ्यात त्रास होतो, आणि त्यासाठीच तो आहे. ‘मास्तर आणि कारभारी यांचं बोलणं’ हे उत्तर नव्हे. बोलण्याआधी मास्तर गावाला परका होता, नंतर कोणाच्या तरी माहितीतला झाला, हे उत्तर. ज्या प्रसंगापुढे हा रकाना भरता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला. पुढे कधीतरी लक्षात येतं की तिथे बदल पात्रात झालेला नव्हता, तुमच्यात झाला होता. लेखकाने तुम्हाला काहीतरी दाखवून ठेवलं होतं.

‘किती वेळ गेला’ हा रकाना पुरा झाला की तो वरून खाली एका दमात वाचा. एका संध्याकाळीला किती पानं आणि सबंध हंगामाला किती ओळी, ते डोळ्यांसमोर येतं. मी तोवर समजत होते की वर्षभराची गोष्ट असेल तर महिन्यामहिन्याचा हिशोब द्यावा लागतो. तसा कोणी देत नाही. कापड जिथे अंगाला भिडतं तिथे माप इंचाइंचाने घेतात, घेराला नुसता अंदाज पुरतो.

आता जे सांगते त्यावर मी सहा आठवड्यांतले दोन घालवले, आणि माझं लिहिणं बदललं ते त्यामुळेच. क्रियापदं बघा.

मराठीत घडून गेलेलं सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, ‘तो आला, बसला, म्हणाला’. एकदाच घडलेलं. दुसरी, ‘तो येई, बसे, म्हणे’, किंवा बोलण्यातलं ‘यायचा, बसायचा, म्हणायचा’, किंवा ‘येत असे’. नेहमी घडणारं. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. शाळेत आपण तो घोकला आणि विसरलो. पण कथा लिहिणाऱ्याच्या हातातलं याच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. कादंबरीची कोणतीही दहा पानं घ्या. नेहमीच्या क्रियापदांखाली लाल रेघ, एकदाच घडलेल्याखाली निळी. सावकाश, एकही न सोडता. मग पान हातभर लांब धरून नुसते रंग बघा.

दिसेल ते असं. लाल पट्टा येतो: गावातली माणसं कशी जगतात, सकाळी काय होतं, मेंढरं कधी जातात, मास्तरकडे कोण कोण कसली कसली कामं घेऊन येतं. मग कुठेतरी एक निळी रेघ. ‘एके दिवशी’, ‘त्या रात्री’, किंवा तसं काही न म्हणता सरळ ‘आला’. आणि तिथून पुढे निळंच निळं. लाल जिथे निळ्याला जोडलंय ती शिलाई. त्या जोडाच्या आधीच्या तीन ओळी आणि नंतरच्या तीन ओळी वहीत हाताने उतरवून काढा. पंधरा-वीस जोड उतरवा. प्रत्येक वेळी स्वतःला एकच विचारा: हा जोड इथेच का? दोन परिच्छेद आधी का नाही?

उत्तर पुष्कळदा असं निघतं की लाल पट्ट्यात वाचकाला सवय लावलेली असते. रोज काय होतं ते कळल्याशिवाय आज काय झालं नाही ते कळत नाही.

हे दोन आठवडे झाल्यावर मी परत आलेली माझी कथा काढली आणि तिच्यावर तीच पेन्सिल चालवली. अकरा पानं. जवळजवळ सगळी लाल. ‘बायका गॅलरीत जमत, तांदूळ निवडत, कोणी वेणी घालून घेई, माझे वडील रात्रपाळीहून आले की दाराशी बसत.’ निळी रेघ पहिल्यांदा दहाव्या पानावर, तीही कुणाच्या तरी मरणाच्या बातमीला. सगळं सांगितलेलं आहे, घडत काहीच नाही, हे संपादकांचं म्हणणं माझ्यासमोर रंगात पडलं होतं. आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळलं.

मी अकरातली नऊ पानं बाजूला ठेवली. एक लाल परिच्छेद राखला:

‘दुपारी तीनच्या पुढे जिना वाजू लागे. पहिल्या पाळीची माणसं चढत, दुसऱ्या पाळीची उतरत. जिना अरुंद, लाकडी. चढणारा उतरणाऱ्याला वाट देई, डबा पोटाशी धरी. मला पावलांवरून माणूस ओळखता येई.’

आणि लगेच खाली:

‘त्या सोमवारी भोंगा झाला आणि जिना वाजला नाही.’

18 जानेवारी 1982, सोमवार. सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप त्या दिवशी सुरू झाला. पण कथेत हे सगळं सांगायची गरजच उरली नाही. जिना वाजण्याची सवय वाचकाला लागली होती, म्हणून न वाजणं त्याला ऐकू गेलं. आधीच्या मसुद्यात मी संपावर दीड पान लिहिलं होतं.

तुमची मातृभाषा मराठी असेल तर हे रंगकाम मराठीच कादंबरीवर करा, एवढा माझा आग्रह आहे. भाषांतरातली चांगली पुस्तकं मीही वाचते. पण ‘येई’ आणि ‘आला’ यांतला फरक ज्या भाषेत तुम्हाला लिहायचंय तिच्यातच मुरवून घ्यावा लागतो.

पुढचं काम परत शिवण्याचं. कादंबरीतली कोणतीही दोन पानं घ्या आणि निवेदक बदलून लिहा. ‘बनगरवाडी’ मास्तर स्वतः सांगतो, ‘मी’ म्हणून. मी ‘मी’च्या जागी ‘मास्तर’ घालून दोन पानं लिहिली. वरवर बघता फार बिघडलं नाही. मग तिसऱ्यांदा लिहिलं, ते वाडीतल्या एका म्हाताऱ्या धनगराच्या तोंडून. आणि सगळं कोलमडलं. त्या म्हाताऱ्याला वाडीत नवं काहीच नव्हतं. तो घरं कशी आहेत ते सांगेना, कारण त्याने ती जन्मभर पाहिलेली. कारभारी म्हणजे काय ते सांगेना. कुणी रुसलं, कुणी चोरी केली, याचं त्याला काही वाटेना. तेव्हा समजलं की मास्तर बाहेरचा आहे म्हणून लोक त्याला सगळं सांगतात, आणि त्याच्या आडून आम्हाला. तो कोवळा आहे म्हणून त्याच्या चुका होतात, आणि चुका झाल्या की गाव बोलतं. अर्ध्या वेळा वाचकाला वाटतं की आपल्याला गाव कळलं. वाटेने मास्तरच मोठा होत असतो.

माझ्या कथेची निवेदक मी होते. त्या चाळीत जन्मलेली. म्हणजे तो म्हातारा धनगरच. मी निवेदक बदलली. 1980 साली देवगडाकडून लग्न होऊन आलेली मुलगी, जिला दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं निजतात हे पहिल्या रात्री कळतं. जिला नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला सामाईक असतात याची लाज वाटते आणि सहा महिन्यांत ती लाज जाते. मी जन्मभर ज्या जिन्यावरून चढले-उतरले त्याच्या पायऱ्या तिने पहिल्यांदा मोजल्या. तुमच्या गोष्टीत बाहेरून आलेलं माणूसच हवं असं नाही. पण ज्याच्या डोळ्यांनी सांगताय त्याला कोणती गोष्ट नवी आहे, हे एका ओळीत लिहून मशीनच्या, म्हणजे तुमच्या टेबलाच्या, वर चिकटवून ठेवा.

संवादासाठी सोपा उपाय आहे. एक लांब संभाषण निवडा, निवेदनाच्या ओळी कागदाने झाका आणि फक्त बोललेलं मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते नाव न वाचता कळतं का? कळत असेल तर कशामुळे? नुसत्या बोलीमुळे हे सोपं उत्तर झालं. बोली तर सगळ्या वाडीची एकच आहे. तरी प्रत्येकजण वेगळा ऐकू येतो, कारण एकजण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो, दुसरा विचारलेलं सोडून भलतंच सांगतो, तिसरा म्हणीत बोलतो. हे वहीत माणसागणिक लिहा. आमच्या मजल्यावर अर्धी बिऱ्हाडं कोकणातली, अर्धी घाटावरची. साताऱ्याकडची बाई ‘पाणी आलं का गं?’ म्हणायची आणि मालवणची ‘पाणी इला काय गो?’. एवढ्याने गाव कळतं, बाई नाही कळत. बाई कळते ती नळावर तिचा नंबर कुणी तोडला तर ती सरळ भांडते, की मोठ्याने पोराला हाक मारून त्याच्यावर राग काढते, यावरून.

आणि निवेदनाची भाषा कोणती ठेवली आहे ते बघा. ‘केले, होते, सांगितले’ की ‘केलं, होतं, सांगितलं’. एका टिंबाचा फरक, पण पहिल्यात लेखक चार पावलं दूर उभा राहतो आणि दुसऱ्यात शेजारी बसतो. कादंबरी सबंध एकाच रीतीने लिहिली आहे का, की कुठे सोडली आहे, ते तपासा. मग आपल्या लिखाणात मिसळ झाली आहे का ते तपासा. माझ्यात होती, प्रत्येक पानात. ठरवून केली असती तर हरकत नव्हती.

इथेच आणखी एक गोष्ट शोधा. तिला लेखांत कुठे नाव दिलेलं मला आढळलं नाही, पण आपल्या भाषेत ती फार मोठी आहे: कोण कोणाला काय म्हणतं, आणि ते कधी बदलतं. ‘तुम्ही’चा ‘तू’ कुठे झाला. नावाने हाक मारणारा ‘मास्तर’ कधी म्हणायला लागला, किंवा मास्तर म्हणणारा कधी नुसता ‘ए’ म्हणाला. अशा प्रत्येक जागी समासात बाण काढा. माझ्या कथेत सासू सुनेला वर्षभर ‘सूनबाई’ म्हणते. संपाच्या पाचव्या महिन्यात सून बांगड्या मोडून आली आणि सासूने दार उघडलं. तिथे मी दोघींच्या मनातलं बरंच काही लिहिलं होतं. ते सगळं काढलं आणि सासूच्या तोंडी ‘गो बाय माझे’ एवढेच शब्द ठेवले.

वर्णनं, प्रकरणांची लांबी, सुरुवातीचं वाक्य, यांवर फार वेळ घालवू नका. वर्णन उतरवून काढायचं झालं तर एकच उतरवा आणि त्यात विशेषणं किती आणि नामं किती ते मोजा. माडगूळकर चित्रकारही होते, त्यांच्या ओळीत वस्तू असते. तेवढं बघितलं की पुढे चला.

आता शेवटाकडून मागे या. हा भाग बहुतेकजण करत नाहीत, कारण तोवर कंटाळा आलेला असतो. वहीतल्या ओळींवर पट्टी ठेवा आणि शेवटचा मोठा प्रसंग दिसेल एवढंच उघडं ठेवा. गाव ओस पडतं. मग विचारा: हे मला लागलं ते कशामुळे? आणि मागे जाऊन एकेक प्रसंग झाकून बघा. मी असं करत करत तालमीपाशी आले. वाडीतली माणसं अंगमेहनतीने तालीम उभी करतात, राजा ती बघायला येतो, सगळं गाव सजतं. दुष्काळाशी तिचा काही संबंध नाही. पण तो प्रसंग झाकला आणि शेवट पुन्हा वाचला, तर नुसता पाऊस न पडल्याचा वृत्तांत राहिला. गाव एकदा भरलेलं, एकत्र, स्वतःवर खूश असलेलं आम्ही पाहिलं होतं, म्हणून त्याचं रिकामं होणं लागलं. मोडायचं ते आधी पुरतं उभं करावं लागतं.

माझ्या कथेत असा दिवस नव्हता. पहिल्या ओळीपासून चाळ रडतच होती. मी आठवत बसले, आणि तारखांनीच मला उत्तर दिलं. आमच्या चाळीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा 26 जानेवारीला असायची. 1982 साली ती संप सुरू झाल्यावर आठ दिवसांनी आली. दरवर्षी अर्धे पुरुष पाळीवर असत. त्या वर्षी झाडून सगळे घरी होते. महिन्याभरात मिटेल असंच सगळ्यांना वाटत होतं. मंडप तळमजल्यापासून नळापर्यंत गेला, प्रसादाचा शिरा दोनदा करावा लागला, रात्री भजनाला रात्रपाळीचे लोकही होते जे एरवी कधीच नसत. इतकी भरलेली गॅलरी मी आधी पाहिली नव्हती आणि नंतर पाहिली नाही. ही माझी तालीम. ती माझ्या आठवणीतच होती, पण कादंबरी उसवेपर्यंत ती कथेत का हवी हे मला माहीत नव्हतं. मला ती सुखाची म्हणून बाजूला ठेवण्यासारखी वाटली होती.

एक धोका सांगून ठेवते. एवढं हाताने उतरवलं की लेखकाचा हात आपल्या हातात येतो. जुलैच्या शेवटी माझी वाक्यं त्यांच्यासारखी तुटक आणि कोरडी व्हायला लागली, आणि लालबागच्या जिन्यावर माणदेशातलं ऊन पडलं. त्याला दोन इलाज केले. उसवणं संपल्यावर पंधरा दिवस काहीच लिहिलं नाही. आणि मग दुसरी, अगदी वेगळ्या घाटाची कादंबरी थोडी उसवली: हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. ती 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. सांगणारी यमू, लिहिणारा पुरुष, वाक्यं ऐसपैस, मध्येच वाचकाशी बोलणारी. आठवड्याआठवड्याने छापायचं म्हणून प्रकरण कुठे तोडलंय, एवढंच तिच्यात बघा. सबंध उसवायला वर्ष लागेल. दोन लेखक एकमेकांना कापतात आणि मध्ये आपला आवाज मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

मग लिहायला बसा. तीन पानं, जास्त नाही. एक लाल परिच्छेद, एक जोड, आणि पुढे निळं. सांगणाऱ्याला नवं काय आहे ते टेबलावर चिकटवलेलं. एकदा तरी कोणीतरी कोणाला वेगळ्या नावाने हाक मारली पाहिजे. तीन पानं झाली की तीच पेन्सिल घेऊन ती उसवा, रकाने भरा, जिथे शेवटचा रकाना कोरा राहील तो प्रसंग काढा.

आणि मोठ्याने वाचून दाखवा, पण ज्यांच्या हाताला काम आहे अशांना. समोर नुसतं बसलेलं माणूस तोंडदेखलं चांगलं म्हणतं. माझ्याकडे हातशिलाईला दोन बायका येतात. त्या कधी थांबत नाहीत, बोलता बोलता साडीला फॉल लावून होतो. मी त्यांना मशीन बंद करून नवी तीन पानं वाचून दाखवली, मान वर न करता, फक्त कानाने त्यांच्या बांगड्यांचा आवाज धरून. जिना वाजत होता तोवर बांगड्या वाजत होत्या. सोमवारच्या वाक्यानंतर एकीच्या थांबल्या. मी वाचत राहिले, आणि समासात त्या ओळीपुढे पेन्सिलीने एक टिंब केलं.